चॉकलेट दूध चाखावं कसं, पारखावं कसं

फ्रिजमधून काढलेलं चॉकलेट दूध घटाघटा प्यायलं की कुठल्याही कंपनीचं असो, सारखंच लागतं: थंड, गोड, तपकिरी. मे महिन्यात दादर स्टेशनबाहेर उभं राहून पिताना एवढंच हवं असतं. पण चार-पाच दुधं शेजारी ठेवून, नावं झाकून, घोटघोट चाखली की फरक दिसू लागतात. एकात दूध आटवल्याची चव असते. दुसऱ्यात कोकोपेक्षा व्हॅनिलाच पुढे असतो. तिसऱ्याचा दाटपणा सायीचा नसतो, डिंकाचा असतो. थंडपणा आणि साखर हे दोघे मिळून बाकी सगळं झाकतात. खालच्या बहुतेक पायऱ्या या दोघांना आवरण्यासाठीच आहेत.

आधी गट पाडा

नवखे लोक पहिली चूक इथेच करतात. दुकानात जे जे तपकिरी दिसेल ते उचलतात आणि एका रांगेत मांडतात. मग घट्ट शेक जिंकतो, पातळ दूध हरतं, आणि कळत काहीच नाही. एका बैठकीत एकाच जातीची दुधं घ्या.

पहिली जात टेट्रा पॅकची. हे दूध यूएचटी पद्धतीचं असतं, म्हणजे १३५ ते १५० अंश सेल्सिअसवर काही सेकंद तापवून निर्जंतुक केलेलं. न उघडता ते बाहेर टिकतं आणि चवीला किंचित उकळल्यासारखं लागतं. दुसरी जात निर्जंतुक केलेल्या बाटलीची. यात दूध बाटलीत भरून, बूच लावून ११० ते १२० अंशांवर १० मिनिटांहून अधिक तापवतात. एवढ्या वेळात दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी अभिक्रिया करतात, रंग गडद होतो आणि बासुंदीकडे झुकणारी आटीव चव येते. गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली. आरेच्या ‘एनर्जी’ या सुगंधी दुधाच्या काचेच्या बाटल्या मुंबईकरांच्या ओळखीच्या. बाटलीतल्या दुधाची ही आटीव चव काहींना इतकी आवडते की त्यांना टेट्रा पॅकचं दूध मिळमिळीत वाटतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एका रांगेत बसत नाहीत.

तिसरी जात फ्रिजमध्येच ठेवावी लागणाऱ्या पाश्चराइज्ड दुधाची. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवल्यामुळे हे ताज्या दुधाला सर्वांत जवळचं असतं. चौथी भुकटी घालून घरी केलेल्या दुधाची. इथे बोर्नव्हिटासारखी माल्टची भुकटी आणि ड्रिंकिंग चॉकलेट यांतही फरक करा. माल्टला भाजलेल्या जवाची चव असते आणि ती कोकोला सहज मागे ढकलते. घाटकोपर, मुलुंड, कांदिवलीकडे मिळणारं सुरती पद्धतीचं कोल्ड कोको शिजवून दाट केलेलं असतं, चमच्यावरून ओघळायला वेळ लावतं. त्याची बैठक वेगळी घाला. सोया किंवा बदामाच्या पेयांचीही वेगळीच.

पहिल्या वेळी टेट्रा पॅकपासून सुरुवात करणं सोयीचं. अमूलचं कूल कोको, हर्शीजचा आणि कॅविन्सचा चॉकलेट मिल्कशेक, ब्रिटानियाचा विंकिन काऊ ही नावं मुंबईत शोधावी लागत नाहीत. मात्र वेष्टनावर ‘दूध’ लिहिलंय, ‘मिल्कशेक’ की ‘थिक शेक’ हे पाहा. शेक मुद्दाम दाट केलेला असतो. दाटपणात तो पुढे गेला तर ते त्याचं कौतुक धरू नका.

खरेदी

चार कंपन्यांची दुधं, एक घरचा नमुना, आणि चारपैकी एक दूध गुपचूप दुसऱ्यांदा, असे सहा पेले होतात. याहून जास्त नको. स्निग्धांशाचा थर आणि साखर जिभेवर साचत जाते आणि नंतरचं प्रत्येक दूध उगाच फिकं वाटतं. माणशी एका पेल्यात ४० मिली पुरतं. सहा जण असतील तर एका कंपनीचं २४० मिली लागेल, म्हणजे १८० किंवा २०० मिलीचे दोन पॅक. जे दूध दोनदा ठेवायचं त्याचे तीन घ्या. सगळे एकाच बॅचचे आणि एकाच दुकानातून घ्या, कारण कोको आणि दूध बॅचगणिक थोडं बदलतं.

दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात मांडलेली काचेची बाटली घेऊ नका. दुधातलं बी-२ जीवनसत्त्व प्रकाश शोषून घेतं आणि त्यामुळे प्रथिनं व स्निग्धांश बिघडतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. पाश्चराइज्ड बाटली घ्यायची तर दिवसभर गिऱ्हाईक असलेल्या डेअरीतून घ्या आणि हाताला ती खरोखर गार लागते का ते पाहा. क्रॉफर्ड मार्केटमधून बोरिवलीपर्यंत लोकलने आणणार असाल तर बर्फाची पिशवी सोबत ठेवा. एकदा कोमट होऊन पुन्हा गार केलेलं दूध वासात मार खातं. टेट्रा पॅकला ही भीती नाही. फुगलेला पॅक मात्र कोणताही असो, उघडूही नका.

लेबल वाचायचं, पण चाखणाऱ्यांनी नाही

घरातल्या एकाला वाढपी नेमा. खरेदी, लेबल वाचणं, ओतणं ही सगळी कामं त्याची. इतरांनी लेबलं निकालानंतर पाहावीत.

वाढप्याने आधी साखर पाहावी. १०० मिलीमागची ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ असे दोन आकडे असतात. गाईच्या दुधात मुळातच साधारण ४.८ टक्के लॅक्टोज असतं, म्हणून एकूण आकडा पाहून दचकू नका. समजा १०० मिलीत घातलेली साखर ७ ग्रॅम आहे. २०० मिलीत १४ ग्रॅम झाली, म्हणजे सपाट चमच्याने साडेतीन चमचे. साखर शून्य लिहून दूध गोडच असेल तर आयएनएस (खाद्यपदार्थात वरून घातलेल्या घटकांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) ९५५ (सुक्रालोज) किंवा ९६० (स्टीव्हिया) शोधा. यांचा गोडवा उशिरा येतो आणि घोट गिळून अर्धा मिनिट झाला तरी जिभेवर रेंगाळतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. कोकोची टक्केवारी कंसात दिली असेल तर टिपून ठेवा. १ आणि १.५ टक्का हा फरक कागदावर नगण्य वाटतो, पण पेल्यात तो दीडपट कोको असतो. आयएनएस १५० हा कॅरॅमल रंग आहे. तो असला तर गडद रंगावरून कोकोचा अंदाज बांधता येत नाही.

मग दाटपणा देणारे घटक. कोको दुधात विरघळत नाही, त्याचे बारीक कण नुसते तरंगत राहतात आणि सोडले की तळाशी बसतात. म्हणून कॅराजीनन (आयएनएस ४०७) घालतात. समुद्री शेवाळापासून काढलेला हा पदार्थ दुधातल्या केसीन या प्रथिनाशी मिळून अतिशय नाजूक जाळं विणतो आणि कोकोचे कण त्यात अडकून राहतात. अगदी किंचित पुरतो. त्याच्या जोडीला सेल्युलोज (४६०, ४६६) किंवा ग्वार गम (४१२) असला तर दूध आणखी दाट लागेल. हे घटक असण्यात वावगं काही नाही. ते नसतील तर बाटलीच्या तळाशी गाळ बसणार, एवढं लक्षात ठेवा.

भुकटीची बैठक असेल तर सगळ्यांसाठी एकच दूध वापरा. पिशवीवर टोन्ड लिहिलं असेल तर स्निग्धांश ३ टक्के, डबल टोन्ड १.५, फुल क्रीम ६. तबेल्याचं म्हशीचं दूध ६-७ टक्क्यांपर्यंत जातं आणि कोकोचा कडूपणा गिळून टाकतं. तुलनेसाठी टोन्डच बरं.

घरचा नमुना

विकतची दुधं मोजायला एक पट्टी हवी, ती घरीच करा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग प्रत्येक दूध ‘छान आहे’ या एका शब्दात संपतं.

५०० मिली टोन्ड दूध, ६ ग्रॅम बिनसाखरेचा कोको, ३० ग्रॅम साखर आणि मिठाचे चार-पाच कण. कोको आणि साखर कोरडीच एकत्र करा. कोकोच्या भुकटीत लोण्यासारखा स्निग्धांश असतो, त्यामुळे ती दुधावर तरंगते आणि तिच्या गुठळ्या होतात. साखरेचे दाणे मध्ये आले की कण सुटे राहतात. यात तीन मोठे चमचे गरम दूध घालून चकचकीत लापशी होईपर्यंत घोटा. उरलेलं दूध थोडंथोडं ओता, मंद आचेवर पहिली उकळी येईपर्यंत ढवळा आणि पुढे दोन मिनिटं कमी आचेवर ठेवा. या दोन मिनिटांत कोकोतला स्टार्च फुगतो आणि दुधाला अंग येतं. ती वाचवली तर दूध पाणचट राहतं आणि कोको कच्चा लागतो. गार होईपर्यंत अधूनमधून ढवळत राहा, नाहीतर साय कोकोला वर ओढून घेते. बारीक गाळणीने गाळून फ्रिजमध्ये चार तास ठेवा.

कोको नैसर्गिक की अल्कलाइज्ड (क्षार वापरून आंबटपणा कमी केलेला) तेही पाहा. नैसर्गिक कोकोचा पीएच ५.३ ते ५.८, रंग फिका, चव फळासारखी आंबूस. अल्कलाइज्ड म्हणजे डच पद्धतीचा कोको पीएच ७ च्या आसपास, गडद आणि सौम्य. लेबलवर आयएनएस ५०० किंवा ५०१ दिसला की तो अल्कलाइज्ड समजा. दुधाचा पीएच ६.६ ते ६.८ असतो. त्यात नैसर्गिक कोको जास्त घातला आणि खळखळून उकळला तर दूध बारीक फाटून रवाळ होतं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी अल्कलाइज्ड घ्यावा. क्रॉफर्ड मार्केटमधल्या बेकरी सामानाच्या दुकानांत दोन्ही मिळतात.

गोडव्याचीही पट्टी लागते. २०० मिली साध्या पाण्याच्या तीन पेल्यांत सपाट दोन, तीन आणि चार चमचे साखर विरघळवा. हे झाले ४, ६ आणि ८ टक्के. सगळ्यांनी सुरुवातीला एकेक घोट घेऊन तीन पातळ्या जिभेवर बसवाव्यात. कोकोचा कडूपणा नसताना ८ टक्के केवढं गोड लागतं ते एकदा कळलं की पुढे फसायला होत नाही.

मांडणी

वेळ सकाळी साडेदहा-अकराची. चहा-नाश्ता होऊन तास उलटलेला, दुपारच्या फोडण्या सुरू व्हायच्या आधीची. उदबत्ती, अत्तर, पान-तंबाखू नको.

पेल्यांसाठी स्टीलची फुलपात्री उत्तम. आतलं दूध फारसं उजेडात येत नाही, त्यामुळे रंगाने मत बनत नाही. पण आपल्याकडची भांडी घासायची साबणवडी लिंबाच्या वासाची असते आणि तो वास स्टीलला चिकटून राहतो. आदल्या रात्री फुलपात्री नुसत्या कडकडीत पाण्याने विसळून पालथी घाला. कागदी कप घेऊ नका, त्यांना स्वतःचा वास असतो.

प्रत्येक दुधाला तीन आकडी खूण द्या: ४१७, ८५२, २६३ अशी. १, २, ३ किंवा अ, ब, क दिलंत की पहिलं ते चांगलं अशी समजूत आपोआप होते. खूण चिकटपट्टीवर लिहा. मुंबईच्या दमट हवेत गार भांड्याला दोन मिनिटांत घाम फुटतो आणि पेनाने लिहिलेलं पुसून जातं.

पॅक दहा-बारा वेळा हलवा, दोन मिनिटं थांबा, मग ओता. लगेच ओतलंत तर फेस येतो आणि फेसाळ दूध हलकं, मलईदार वाटतं. त्याआधी प्रत्येक दुधाचा एक पॅक न हलवता अलगद उघडा, मोठ्या भांड्यात ओता आणि शेवटचे २० मिली वेगळ्या वाटीत घ्या. वाटीतलं दूध बाकीच्यापेक्षा स्पष्ट गडद असेल तर कोको तळाशी बसतो आहे. नोंद करा, वाटीतलं पुन्हा मिसळून घ्या.

पेले बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा. चाखायचं तापमान ८ ते १० अंश. थर्मामीटर असेल तर एका पेल्यात बुडवून पाहा. परात नसेल तर पहिला पेला ८ अंशांवर आणि शेवटचा २० वर चाखला जाईल, आणि शेवटचा नक्कीच जास्त गोड ठरेल. जीभ थंड असली की गोडवा कमी कळतो, इतकं साधं कारण आहे.

प्रत्येकाला पेल्यांचा क्रम वेगळा द्या. पहिल्या पेल्याला कोरी जीभ मिळते, म्हणून तो फुकट वर चढतो. सहा जणांत प्रत्येक दूध एकदा तरी पहिल्या जागी येईल असं वाटपत्रक वाढप्याने आदल्या दिवशीच करून ठेवावं.

चाखणं

पेला नाकाशी धरा, दोनदा लहान श्वास घ्या. गोड, बेकरीसारखा वास आला तर तो बहुधा व्हॅनिलाचा. कोकोचा वास कोरडा आणि भाजलेला असतो.

आता नाक चिमटीत धरून एक घोट घ्या आणि तोंडात ठेवा. या वेळी फक्त गोड, कडू, खारट, तुरट आणि दाटपणा एवढंच कळेल. चॉकलेट गायब झालेलं असेल. मग नाक सोडा. घशाच्या मागून वास वर चढतो आणि चॉकलेट परत येतं. जे परत आलं ते किती, आणि कसं, याकडे लक्ष द्या. एखाद्या दुधात नाक सोडल्यावरही फारसं काही बदललं नाही, तर ते दूध साखरेवर उभं आहे.

दुसरा घोट नेहमीसारखा, पण पाच सेकंद तोंडात फिरवून गिळा. जीभ टाळूवर घासा. मग वीस सेकंद बोलू नका आणि मागे काय उरतं ते पाहा.

दोन दुधांमध्ये कोमट पाण्याने चूळ भरा. गार पाणी स्निग्धांश जिभेवरच गोठवतं. लादीपावाचा आतला पांढरा भाग नखाएवढा खाल्ला तरी जीभ साफ होते. चकली, शेव, खारी काही नको.

सगळे पेले झाले की परातीतून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा आणि उरलेल्या दोन घोटांत पुन्हा चाखा. थंडपणा गेल्यावर दुधाचे गुणदोष उघडे पडतात. गारेगार असताना पहिलं आलेलं दूध इथे गोडमिट्ट ठरतं, आणि फिकं वाटलेलं कोकोने भरलेलं निघतं. मात्र मुंबईच्या उन्हाळ्यात उघडलेलं दूध तासाभरात संपवा किंवा टाकून द्या.

शब्द नेमके वापरा

मराठीत चवीच्या शब्दांची कमतरता नाही, पण कागद समोर आला की सगळे ‘मस्त’ आणि ‘ठीक’ लिहितात. खालचे शब्द नोंदीच्या कागदावर आधीच लिहून ठेवा.

खमंग म्हणजे नीट भाजलेला कोको. करपट म्हणजे तोच जास्त भाजलेला, किंवा दूध भांड्याच्या तळाला लागलेलं. आटीव म्हणजे जास्त वेळ तापवल्याची बासुंदीसारखी चव. ती दोष आहे की गुण हे दुधाच्या जातीवर ठरतं. तुरट म्हणजे हिरड्या आकसणं. ते कोकोतून येतं, थोडं असलं तर चांगलं लक्षण. पिठूळ म्हणजे जिभेवर भुकटी राहणं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण जिभेला जाणवतात. रवाळ त्याहून जाड, तिथे दूध बारीक फाटल्याची शंका घ्या.

बुळबुळीत आणि दाट यांत गल्लत होते. चमचा बुडवून उचला. दाट दूध चमच्याच्या पाठीवर पसरून थेंबाथेंबाने पडतं, डिंक जास्त झालेलं दूध एकसंध लोळागत घसरतं. गिळल्यावरही सायीचा दाटपणा जिभेवर राहतो, डिंकाचा घोटाबरोबर निघून जातो.

पाणचट हा शब्द जपून वापरा. डबल टोन्ड दूध पातळ असतंच. कोको आणि दूध दोन्हींची चव विरळ असेल तरच पाणचट म्हणा.

खवट, कुबट, पुठ्ठ्यासारखा वास हे साठवणुकीचे दोष आहेत. ते आढळले तर त्या कंपनीला मत देऊ नका. तो नमुना बाद करा आणि दुसऱ्या दुकानातून नवा पॅक आणून दुसऱ्या दिवशी चाखा. पाश्चराइज्ड दुधात आंबट वास आला तर चाखूही नका.

निकाल

दहापैकी गुण देण्यापेक्षा क्रम लावणं चांगलं. एकाचा सात म्हणजे दुसऱ्याचा पाच असतो, त्यांची सरासरी कशाचीच नसते. प्रत्येकाने पहिल्यापासून सहाव्यापर्यंत क्रम लिहावा आणि प्रत्येक दुधासमोर वरच्या शब्दांतले निदान दोन. वाढपी क्रमांकांची बेरीज करतो. सर्वांत कमी बेरीज ते पुढे. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही.

आता दोनदा ठेवलेलं दूध बघा. एखाद्याने ते दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी लावलं असेल तर त्याचा क्रम विश्वासाचा. दुसऱ्या आणि सहाव्या जागी लावलं असेल तर त्या दिवशी त्याची जीभ थकली होती, त्याचा कागद बाजूला ठेवा. याबद्दल कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. सर्दी, अपुरी झोप, नाश्त्यातला ठेचा, एवढं पुरतं.

दोन दुधांत फरक आहे की नाही यावर वाद झाला तर तीन पेल्यांची चाचणी घ्या. दोन पेल्यांत एक दूध, तिसऱ्यात दुसरं. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतं, म्हणून पाच जणांत चार, सहा जणांत पाच किंवा आठ जणांत सहा जणांनी ओळखलं तरच फरक खरा माना. त्याहून कमी असेल तर दोन्ही सारखी धरा आणि १०० मिलीमागे जे स्वस्त पडेल ते घ्या.

पहिल्या दोन क्रमांकांची एक परीक्षा अजून बाकी राहते. ४० मिलीत जास्त गोड दुधाचा वरचष्मा असतो, कारण दोन घोटांत गोडवा कंटाळवाणा होत नाही. दुसऱ्या दिवशी एकाचा आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याचा पूर्ण २०० मिलीचा पेला, त्याच वेळी, तितकाच गार करून प्या. अर्धा पेला झाल्यावर हात थांबतो का, आणि संपल्यावर घसा पाणी मागतो का, ते क्रमपत्रकाच्या मागे लिहून ठेवा.